पोकरमध्ये नवख्याने पहिले सहा महिने ब्लफ (पानं नसताना मोठे लावून समोरच्याला पळवणं) मारूच नये. पटतंय का?

एक्कादुक्का
टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सर्वांची मिळून पाच) खेळायला लागून मला वर्ष होत आलं. जे काही थोडंफार शिकलो ते हरून. त्यातून झालेलं मत मांडतो, मग खुशाल धोपटा.

परवाचा डाव. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे चिप्स) 1-2. मी बटणवर (फ्लॉपपासून शेवटी बोलायची जागा), हातात इस्पिकचे एक्का-राणी. 6 चा रेझ केला (बोली वाढवली), फक्त बिग ब्लाइंडने (सक्तीचे 2 लावणाऱ्याने) कॉल केला (तेवढेच लावले). फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पानं) चौकट राजा, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. मला काहीच लागलं नाही. त्याने चेक केलं (काही लावलं नाही), मी 8 लावले, त्याने कॉल. टर्नला (चौथं पान) इस्पिक पंजी, मी 20 लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) किलवर दुर्री. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 69. माझ्याकडे नुसता एक्का. मी उरलेले सगळे 60 पुढे ढकलले. चेहरा असा की जणू तीन राजे घेऊन बसलोय.

गडी मिनिटभर थांबला आणि कॉल. राजा-नव्वी. वर म्हणतो कसा, "राजा लागलाय ना, मग टाकू कसा?"

त्याचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. नवख्यांच्या टेबलावर कुणी फोल्ड करत नाही (पानं टाकून डाव सोडत नाही), मग ब्लफ मारायचा कुणाला? चांगली पानं आली की भरपूर लावा, नाही आली की गप्प बसा. सहा महिने एवढंच करावं असं माझं म्हणणं.

हिशेबनीस
निष्कर्ष बरोबर, पण कारण नीट मांड. 60 लावून तू 69 मिळवायला निघालास. हा व्यवहार तोट्यात जाऊ नये असं वाटत असेल तर समोरच्याने शंभरात निदान 47 वेळा फोल्ड करायला हवं. "राजा टाकू कसा" म्हणणारा माणूस शंभरात दहा वेळा तरी करेल का? मग ब्लफ नको. पण उद्या दुसऱ्या टेबलावर सावध माणूस भेटला तर तोच ब्लफ चांगला. सहा महिने हा आकडा कुठून काढलास? कॅलेंडर बघून कुणी पोकर खेळत नाही.

किलवर_सत्ती
साफ चूक. ब्लफ चुकला नाही, ब्लफसाठी निवडलेली पानं चुकली.

तुझ्या एक्का-राणी इस्पिकच्या होत्या आणि फ्लॉपवर इस्पिक एकही नव्हतं. त्याच चौकटच्या असत्या तर? नऊ चौकट (पाच पानं एका रंगाची झाली की फ्लश) आणि तीन एक्के (राजांपेक्षा मोठी जोडी) मिळून बारा पानं तुझ्या बाजूची. पुढची दोन पानं बघायला मिळाली तर त्यातलं एखादं येण्याची शक्यता जवळजवळ 45 टक्के. मग तू लावलेस आणि त्याने फोल्ड केलं तर उत्तम, कॉल केलं तरी डाव जिवंत. याला सेमी-ब्लफ म्हणतात. नवख्याने सुरुवात इथून करावी.

शिवाय तुझ्या पद्धतीने खेळलास तर होणार काय? तू मोठे लावलेस की टेबल समजणार, याच्याकडे आहे. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. ती आली आणि सगळ्यांनी निमूट फोल्ड केलं तर हातात काय, दीड बिग ब्लाइंड, म्हणजे दोघांचे सक्तीचे 3?

एक्कादुक्का
टेबल समजणार? माझ्या टेबलावर मागच्या डावात मी काय दाखवलं तेही कुणाच्या लक्षात राहत नाही. आपापल्या दोन पानांपलीकडे कुणी बघतच नाही. सेमी-ब्लफचं मात्र मान्य. तो मी ब्लफमध्ये धरलाच नव्हता.

तिरपागडा
कशाला डोकेफोड करताय? पानं आली तर जिंकता, नाही आली तर हरता. बाकी सगळं मनाचं समाधान.

हिशेबनीस
एका रात्रीपुरतं तुझं खरं आहे, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. समज एखादा चांगला खेळाडू दर शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड कमावतो. 10,000 डावांत झाले 500. पण नशिबाचा हेलकावा शंभर डावांमागे साधारण 80 ते 100 ब्लाइंडचा असतो, म्हणजे 10,000 डावांत तो 800 ते 1,000 वर जातो (डाव शंभरपट झाले तरी हेलकावा दहापटच, कारण चढउतार एकमेकांना बरेचसे खोडतात). इतकं खेळूनही चांगला माणूस तोट्यात दिसू शकतो. म्हणून तर एका डावावरून नियम काढू नये. वरच्या धागाकर्त्यालाही हे लागू.

किलवर_सत्ती
आणि नुसतं नशीब असतं तर 2019 मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं नसतं. त्याला माणसांचे डाव दाखवून शिकवलं नव्हतं. स्वतःशीच खेळून शिकला, आणि ब्लफ मारायलाही तसाच शिकला. यंत्राला जे कळलं ते आमच्या मित्राने सहा महिने कपाटात ठेवायचं!

एक्कादुक्का
प्लुरिबससमोर व्यावसायिक होते रे. त्यांना राजा टाकता येतो.

निमूट
दोघंही भलतीकडे भांडताय. नवख्याचे चिप्स ब्लफमध्ये जातात ते थोडे. बाकीचे जातात कॉलमध्ये. ब्लफ फसला की लक्षात राहतो, कारण लाज वाटते. कॉल फसला की "जरा थोडक्यात हुकलं" म्हणून विसरतो.

माझंच सांगतो. हातात नव्वी-अठ्ठी, फ्लॉपवर राणी, सहा, पाच. मधली सत्ती आली की सिक्वेन्स. पॉटमध्ये 40 झाल्यावर समोरच्याचे 20, आणि मी मनात म्हणायचो, "बघू तरी काय येतंय." या खेळातलं सर्वांत महागडं वाक्य हेच. 20 घालून 60 मिळवायचे, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. सत्त्या चार, न पाहिलेली पानं 47. पुढच्या पानावर ती येण्याची शक्यता बारात एकदा, फार तर. आलीच तर समोरच्याकडून आणखी चिप्स निघतील हे धरलं तरी एवढी मोठी तफावत क्वचितच भरून निघते. असे कॉल मी रात्रीतून आठ-दहा करायचो आणि घरी येऊन म्हणायचो की पानंच लागत नाहीत. एकदा दोन-तीन हरलो की मग बुडत्याचा पाय खोलात, काहीही कॉल.

सुधारलो ते एका सवयीने. समोरच्याने पानं उघडायच्या आधी मनात ठरवायचं की याच्याकडे काय असेल, आणि घरी आल्यावर माझा अंदाज आणि त्याची पानं शेजारी-शेजारी लिहायची. पहिला महिना अंदाज इतके चुकीचे होते की वही लपवून ठेवत होतो.

किलवर_सत्ती
कॉलबद्दल एकदम मान्य. तरी ब्लफवर बंदी मान्य नाही. अंदाज बांधायला शिकायचं आणि तो वापरायचाच नाही, याला काय अर्थ?

बरं, एक्कादुक्का, एक सांग. रिव्हरला तो मिनिटभर थांबला तेव्हा पानं पुन्हा उचलून पाहिली का त्याने?

एक्कादुक्का
नाही. पानं टेबलावरच पालथी होती.

किलवर_सत्ती
मग मिनिटभर करत काय होता?

एक्कादुक्का
चिप्स मोजत होता. वीस-वीसच्या तीन थप्प्या लावल्या आणि मग पुढे सरकवल्या.

निमूट
म्हणजे कॉल करायचं कधीच ठरलं होतं. टर्नला कॉल केलं तेव्हाही असंच मोजलं होतं का?

एक्कादुक्का
...हो.