मिठातील ऊर्जेचा हिशेब

सोडियमला बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन नकोसा असतो आणि क्लोरिनला तो हवा असतो, म्हणून मीठ (सोडियम क्लोराइड) तयार होते, असे सहसा सांगितले जाते. शाळेपुरते ते चालून जाते, पण ऊर्जेचा हिशेब मांडला की हे स्पष्टीकरण तोकडे पडते. वायुरूप सोडियमच्या एक मोल (अणू मोजण्याचे परिमाण, सुमारे ६ × १०²³) अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्यासाठी सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते, तर क्लोरिनच्या अणूंनी ते स्वीकारल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळते, म्हणजे नुसत्या देवघेवीत तोटाच आहे. (धातूचे बाष्प करण्याचा आणि क्लोरिनचे रेणू फोडण्याचा खर्च वेगळाच.) ही तूट भरून निघते ती स्फटिकाच्या जाळीमुळे: विरुद्ध प्रभारांचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले अणू) जवळ येऊन, प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी मांडणी होताना मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, तेही याच आकर्षणामुळे. या रचनेत सुटा रेणू कुठेच नसतो, त्यामुळे 'मिठाचा रेणू' हा शब्दप्रयोग मला टाळावासा वाटतो; NaCl हे सूत्र केवळ सोडियम आणि क्लोरिनचे १:१ हे प्रमाण सांगते.