मदत हवी आहे: विकणारा नुसता नॉमिनी आहे, फ्लॅट घ्यावा का?

रातराणी

नमस्कार मंडळी,

पुण्यात रीसेलचा टूबीएचके पसंत पडलाय. जुनी सोसायटी, दुसरा मजला, भरपूर उजेड. घासाघीस करून सौदा 72 लाखांवर आलाय. एजंट रोज फोन करून बयाणा मागतोय. पेपर एकदम क्लिअर आहेत म्हणतो. पेपर हातात घेतल्यावर मला मात्र तसं वाटेना.

फ्लॅट विकणाऱ्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, करारनामा त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलं होतं, म्हणून शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर झालं. सर्टिफिकेटच्या मागे जो तक्ता असतो त्यात मुलाचं नाव, तारीख, चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या, जांभळा गोल शिक्का, सगळं रीतसर आहे. एजंट त्या शिक्क्यावर बोट ठेवून सांगतो, "हेच मालक."

घरात आई आहेत, त्या मुलाजवळच राहतात. एक बहीण अमेरिकेत, तिकडचीच नागरिक. दुसरी बहीण हयात नाही, तिचा मुलगा आठवीत आहे आणि वडिलांकडे असतो. अमेरिकेतल्या बहिणीचं हक्कसोडपत्र म्हणून जे दाखवलं ते स्टॅम्पपेपरवर टाईप करून नोटरी केलेलं, मागे कधीतरी सुट्टीत आली असताना घेतलेलं. जावयांनी साध्या कागदावर लिहून दिलंय की आम्हाला यातलं काही नको.

एवढ्यावर व्यवहार करता येतो का? मिस्टरांचं म्हणणं, विकणाऱ्याकडून इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झालं तर भरून देईन अशी लेखी हमी) घेऊ म्हणजे झालं. घर आवडलंय हे खरं, पण लोन काढून भांडण विकत घ्यायची हौस नाही.

माजी सचिव

ताई, बयाणा देऊ नका. आधी हे वाचा.

बरीच वर्षं सोसायटीचं दप्तर सांभाळलंय म्हणून सांगतो, त्या शिक्क्याला एजंट देतो तेवढी किंमत नाही. सभासद वारला की मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, नोटीस कुणाला द्यायची, यासाठी सोसायटीला कुणीतरी समोर लागतो. नॉमिनी म्हणजे तो माणूस. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम 154 ब-13 आलं. खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याआधी 2016 च्या इंद्राणी वाही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच होतं की सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं, पण वारसांमधला हक्काचा वाद त्याने मिटत नाही.

नाव लावताना आम्ही नॉमिनीकडून इंडेम्निटी बाँड घेतो. तो सोसायटीला वाचवायला असतो, घेणाऱ्याला नाही. पुष्कळ लोक याच्यात गल्लत करतात.

आणि हो, ट्रान्सफरच्या वेळी "डोनेशन" म्हणून वाटेल तो आकडा सांगितला तर ऐकू नका. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त 25,000 रुपये. तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण आठवलं म्हणून.

गच्चीवरून

एजंटचं कमिशन तुम्ही सही केली की पक्कं. फ्लॅट पक्का व्हायची घाई त्याला कशाला असेल!

वकीलबाई

हिंदू कुटुंब आहे असं धरून लिहिते. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 चं कलम 8 लागू. बायको, मुलगा, मुली यांना सारखे वाटे. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. आज तुम्हाला विकणाऱ्या गृहस्थांचा हिस्सा फार तर पाव दिसतोय. सहहिस्सेदाराकडून घेतलं तर त्याच्या हिश्श्यापुरतंच तुमच्या पदरात पडतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 तर असंही सांगतं की राहत्या कौटुंबिक घराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला सामाईक ताबा मागता येत नाही.

नोटरी केलेलं हक्कसोडपत्र बाजूला ठेवा. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, नोंदणी अधिनियम 1908, कलम 17. अमेरिकेतल्या बहिणीला येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करता येईल. ते तिकडे नोटरी करून अपॉस्टिल (परदेशात चालावं म्हणून तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) करायचं किंवा वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. मुखत्यार शक्यतो भाऊ नको. स्वतःच्याच लाभाचा दस्त स्वतःच सही करायचा, हे दिसायलाही बरं नाही.

आता एक सांगा, वारलेली बहीण वडिलांच्या आधी गेली की नंतर? त्यावर बरंच अवलंबून आहे.

रातराणी

आधी. वडील त्यानंतर गेले. त्याने काय फरक पडतो?

वकीलबाई

पुष्कळ पडतो. ती वडिलांच्या मागे वारली असती तर तिचा हिस्सा तिच्या नवऱ्याला आणि मुलाला मिळून गेला असता. ती आधी गेली, म्हणून तिच्या जागी थेट तिचा मुलगा वारस. जावयाला स्वतःचा हक्क काहीच नाही. म्हणजे जावयांनी "आम्हाला नको" लिहून दिलं ते त्यांचं नव्हतंच. जे आहे ते आठवीतल्या मुलाचं, आणि ते सोडून द्यायचा अधिकार वडील म्हणूनही त्यांना नाही.

अज्ञानाची, म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेल्याची, स्थावर मिळकत विकायची किंवा तिच्यावरचा हक्क सोडायचा तर नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956, कलम 8. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मुलाला रद्द करून मागता येतो आणि सज्ञान झाल्यावर त्याला त्यासाठी तीन वर्षं असतात. म्हणजे तो 21 चा होईपर्यंत तुमच्या डोक्यावर टांगती तलवार. तोवर तुमचे हप्ते चालू, कदाचित घराचं रंगकाम, फर्निचर सगळं झालेलं.

इंडेम्निटी बाँडचं विचारलंत. त्याने पैसे वसूल करायचा हक्क मिळतो, घर राखायचा नाही. त्या वेळी विकणाऱ्याकडे पैसे असतील तरच तो हक्क कामाचा. जाहीर नोटीस जरूर द्या, पण पेपरात नोटीस आली आणि कुणी हरकत घेतली नाही म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही.

ऋणानुबंध

बँकेत गृहकर्जाच्या फाईली बघतो. ही फाईल पॅनेलच्या वकिलाकडे गेली की पहिला शेरा याच मुद्द्यावर येईल. बयाणा देऊन बसलात आणि लोन नामंजूर झालं तर तो परत मिळवताना नाकी नऊ येतील.

टीडीएसचं (पैसे देतानाच कापून भरायच्या आयकराचं) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकूण मोबदला 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने 1% कापून भरायचा. चौघांत वाटले तर प्रत्येकी 18 लाखच होतात, मग कशाला, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. ऑक्टोबर 2024 पासून सगळ्यांचा मिळून मोबदला धरतात. अमेरिकेतली बहीण विक्रेती म्हणून आली तर तिच्या वाट्याला हा 1% चा नियमच नाही. अनिवासी विक्रेत्याचा कर बराच जास्त दराने कापावा लागतो आणि तिथे 50 लाखांची मर्यादाही नसते. नाही कापला तर आयकर खातं तुम्हाला धरतं. तिने कमी कपातीचा दाखला काढून आणला तर सोपं जाईल. आणि पैसे न घेता तिने आई किंवा भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड केलं तर ती विक्रेती राहतच नाही.

रातराणी

सगळ्यांचे आभार. मिस्टरांना वकीलबाईंचा प्रतिसाद वाचायला दिला, बाँडचा विषय संपला. एजंटला सांगितलंय की बयाणा आत्ता नाही. तो जरा फणकारला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. असू दे.

विकणारे स्वतः मात्र नीट बोलले. त्यांनाही हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. न्यायालयात जायची तयारी आहे म्हणतात. तो अर्ज त्यांनी करायचा का? आणि परवानगी आल्यावर दस्तात सगळ्यांची नावं कशी घ्यायची?

वकीलबाई

अर्ज जावयांनी करायचा, मुलाचे वडील म्हणून. फ्लॅट ज्या हद्दीत आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात. मुलाची गरज किंवा उघड फायदा दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. त्याचे पैसे त्याच्याच नावे ठेवायचे, अशा अटीही न्यायालय बहुतेक घालतं. आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः वाचा, अटी दस्तात जशाच्या तशा येऊ देत.

दस्तात आई, भाऊ आणि मुलगा (वडिलांमार्फत, आदेशाचा उल्लेख करून) हे सगळे "लिहून देणार", म्हणजे विकणारे म्हणून हवेत. बहिणीने हक्कसोड केलं नसेल तर तीही. कुणालाही नुसतं "संमती देणार" म्हणून खाली बसवू नका, एजंट लोकांची ती आवडती युक्ती आहे. वडिलांच्या नावाचा मूळ करारनामा आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) आत्ताच मागून घ्या, आणि फ्लॅटवर जुनं कर्ज नाही ना, तेही याच दिवसांत तपासून टाका. अर्ज चालू असताना ही कामं होऊन जातील.