युरोपात पहिल्यांदाच, आणि तेही रेल्वेनं : तुमचे अनुभव लिहा

येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा युरोपला निघतोय. सहल कंपनीबरोबर नाही, आपलं आपण, रेल्वेनं. वहीत सध्या अशी ओळ आहे : पॅरिस, लुत्सर्न, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम. सोळा रात्री, सात शहरं. विमानाचं भाडं सोडून दोघांचं सगळं तीन लाखांत बसवायचंय, त्यापुढे आमची झेप नाही. रोज रात्री जेवणं झाली की वेळापत्रकं उघडून बसतो आणि तासाभरानं आणखी गोंधळून उठतो. पास घ्यावा की सुटी तिकिटं? तिकीट आधी की व्हिसा आधी? रात्रीच्या गाडीत झोप लागते का? माहितीपत्रकात जे असतं ते वाचून झालंय. जे स्वतः त्या फलाटांवर उभे राहिलेत त्यांच्याकडून ऐकायचंय. कुठे चुकलं, कुठे पैसे गेले, काय पुन्हा तसंच कराल? थोडं लिहा, भरपूर लिहा, पण स्वतःचं लिहा.

नाशिक. आम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी

पासबद्दल लिहिते, कारण आमची सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. भारतातून जाणाऱ्यांसाठी युरेल पास असतो, म्हणजे एकाच पासवर अनेक देशांच्या गाड्यांतून फिरायचं. इंटररेल तिथं राहणाऱ्यांसाठी. आम्ही महिन्याभरातले कुठलेही सात दिवस वापरता येणारा पास घेतला. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर फुकट पास मिळतो, त्यामुळे हिशोब चांगला जमला असं वाटलं. पास हातात आला म्हणजे तिकिटं झाली, असं धरून आम्ही निवांत राहिलो.

तसं नसतं. फ्रान्सच्या टीजीव्ही नावाच्या वेगवान गाड्या, इटलीच्या वेगवान गाड्या, स्पेनच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांत पास असला तरी जागा वेगळे पैसे भरून राखावी लागते. मुलीचा पास फुकट, पण तिच्या जागेचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय काही गाड्यांत पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा ठेवलेल्या असतात. पॅरिसहून झुरिकच्या गाडीची जागा राखायला आम्ही आठवडाभर आधी बसलो, तेव्हा त्या जागा संपल्या होत्या. पूर्ण भाड्याचं तिकीट तिघांना परवडणारं नव्हतं.

मग आम्ही नकाशा घेऊन बसलो. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून त्र्वा आणि बेल्फोर मार्गे म्यूलुझला साधी प्रादेशिक गाडी जाते. तिला आरक्षणच नसतं. म्यूलुझहून बाझेलला दुसरी साधी गाडी, आणि बाझेलपासून स्वित्झर्लंडच्या गाड्यांना पासधारकाला सहसा आरक्षण लागत नाही. वेळ जवळपास दुप्पट लागला, पण वरचा एक युरोही गेला नाही. शेतं, गावं, गाडीत शाळेतून घरी चाललेली मुलं. मुलीच्या वहीत त्या प्रवासाचं सगळ्यात जास्त लिहिलेलं आहे.

तेव्हा पास घेण्याआधी एवढं करा. पासच्या किमतीला प्रवासाच्या दिवसांनी भागा. एका दिवसाला जो आकडा येतो, त्याहून सुटं तिकीट स्वस्त असेल तर तो दिवस पासवर वाया घालवू नका. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये जास्त फिरणार असाल तर पासचा मोकळेपणा खरोखर कामी येतो. फ्रान्स-इटलीत आरक्षणाचे पैसे तो फायदा खाऊन टाकतात. आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखसारख्या डोंगरावरच्या गाडीला पासवर फक्त सवलत मिळते, ते भाडं वेगळं धरा.

आखेन (जर्मनी), मूळ सोलापूर. इथे शिकतो

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा परीक्षेमुळे मला त्यांना बर्लिनहून एकटं आणावं लागलं. तिकीट स्वस्तातलं काढलं होतं. असं तिकीट लवकर काढलं तर फार कमी पैशांत मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. बाबांना मी गाडी, वेळ, फलाट सगळं लिहून दिलं. एक गोष्ट सांगायची राहिली. बर्लिनहून कोलोनकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या हाम्म स्टेशनवर दुभागतात. अर्धी गाडी वुपरटालवरून कोलोनला जाते, अर्धी डॉर्टमुंड-एसेनकडे. आई-बाबा दुसऱ्या अर्ध्यात बसले होते.

शेजारच्या बाईंनी बाबांच्या हातातला कागद बघितला आणि खुणेनं सांगितलं की पुढच्या स्टेशनवर उतरून पुढच्या डब्यांत जा. दोन अर्ध्या गाड्या जोडलेल्या असल्या तरी आतून जायला वाट नसते. बीलेफेल्डच्या फलाटावर दोघं बॅगा घेऊन धावले. आईचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती, आणि मला इथे ग्रंथालयात रडू फुटलं.

म्हणून सांगतो, फलाटावर अ, ब, क अशी अक्षरं टांगलेली असतात आणि फलकावर तुमचा डबा कुठल्या अक्षरापाशी येईल ते दिसतं. आपल्याकडे फलाटावर डब्यांचे आकडे लागतात, तसंच. डब्याच्या बाहेरचा फलकही वाचा, त्यावर शेवटचं स्टेशन असतं.

दुसरं, गाडी बदलायची असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर एकाच तिकिटावर पुढच्या गाडीनं जायचा हक्क राहतो. दोन सुटी तिकिटं असतील तर दुसरं बुडालं. तासाभराहून जास्त उशीर झाला तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. काही अपवाद आहेत, पण अर्ज जरूर करा. इथल्या गाड्यांना उशीर होतो. गाडी बदलायला सात मिनिटं दाखवत असेल तर आई-बाबांसाठी मी तो पर्याय घेत नाही, निदान अर्धा तास ठेवतो.

ड्रेस्डेनहून प्रागला जाणार असाल तर डाव्या खिडकीशी बसा. एल्ब नदी कितीतरी वेळ सोबत असते.

ठाणे

व्हिसाचं तेवढं सांगते. या सगळ्या देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिराल त्या देशाकडे. आमच्या पहिल्या आराखड्यात फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली प्रत्येकी चार रात्री होत्या. मी इटलीची एक रात्र वाढवली आणि अर्ज इटलीकडे केला, कारण तिथली तारीख लवकर मिळत होती. शुल्क जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

खरी ओढाताण अशी की स्वस्त तिकिटं कित्येक महिने आधी विक्रीला येतात आणि व्हिसा हातात नसतो. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तो शक्य तितका लवकर करा. राहण्याच्या जागा रद्द करता येतील अशाच घ्या. रेल्वेचा मी फक्त तक्ता दिला : तारीख, कुठून कुठे, किती वाजता. पैसे भरलेली तिकिटं जोडली नव्हती. व्हिसा आला त्या संध्याकाळी सगळी तिकिटं काढली. थोडी महाग पडली, पण पैसे बुडण्याची धास्ती नव्हती.

कोल्हापूर. एकटी गेले होते

व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीच्या गाडीनं. तीन प्रकार असतात : नुसती खुर्ची, चार किंवा सहा जणांचा बर्थचा कप्पा, आणि महागडा झोपायचा डबा. मी फक्त बायकांसाठी असलेल्या कप्प्यात सहातला मधला बर्थ घेतला. चादर, उशी, पांघरूण मिळतं. दार आतून बंद होतं. सकाळी डब्याचा परिचर उठवायला येतो, दोन पाव, जॅम आणि कॉफी देतो. माझ्या समोरच्या बर्थवर एक पोलिश आजी होत्या. भाषा एकही सामाईक नाही. त्यांनी मला सफरचंद कापून दिलं, मी त्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली. सकाळी गाडी समुद्रावरच्या पुलावर आली तेव्हा त्यांनीच मला हलवून जागं केलं. दोन्हीकडे पाणी आणि समोर व्हेनिस. एवढं एक दृश्य पाहायला मी पुन्हा जाईन.

पैशांचं खरं गणित असं. हॉटेलची एक रात्र वाचते, पण खोली दुपारीच मिळते आणि सकाळी तुम्ही अर्धवट झोपेत असता. सामान ठेवायची सोय आधी बघा. लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नका. पास असेल तर रात्रीच्या गाडीला निघण्याचाच एक दिवस मोजला जातो, बर्थचे पैसे वेगळे.

राहायला मेस्त्रे घ्या. पुलाच्या अलीकडचं गाव, गाडीनं दहा-बारा मिनिटं, भाडी बरीच कमी. आणि व्हेनिसला २०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मेस्त्रेत मुक्काम असेल तर ते भरावं लागत नाही, पण सूट मिळवण्यासाठी नोंद करावी लागते.

डोंबिवली

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकानं मात्र उघडी असतात. शनिवारीच पाव, फळं, दही घेऊन ठेवा. घरून तूप, पेढे, खवा नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. मेतकूट, चटणी, भाजणी, दडप्या पोह्यांचं सामान आम्ही नेलं होतं. पिण्याचं पाणी नळाचं चालतं, बाटली भरून घ्या. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, गाडीतलं फुकट असतं, तेव्हा उतरण्याआधीच जाऊन या.

मिरज. रेल्वेतून निवृत्त, वय ६७. सौ. बरोबर होत्या

माझं सगळं आयुष्य रेल्वेत गेलं, म्हणून मला एकच रूळ बघायचा होता : स्वित्झर्लंडचे डोंगर ओलांडून इटलीतल्या तिरानोला उतरणारा बेर्निना. मुलानं चौकशी केली तर काचेच्या छताची खास गाडी, तिला आरक्षण सक्तीचं, त्याचे वेगळे पैसे. मग कळलं की त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही दिवसभर धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही. आम्ही मिलानहून तिरानोला आलो, अडीच तास, डाव्या हाताला बराच वेळ कोमो सरोवर. तिरानोला मुक्काम केला आणि सकाळची साधी गाडी पकडली.

आपल्या बोरघाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर उंची, त्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. बेर्निनाचा चढ ७ टक्के, म्हणजे साधारण १४ला १. आणि मध्ये दातेरी रूळ नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते. तिरानो ४२९ मीटरवर, ओस्पिझिओ बेर्निना स्टेशन २,२५३ मीटरवर. ब्रुझिओला उंची मिळवायला गाडी दगडी कमानींच्या पुलाखालून जाते, गोल वळसा घेते आणि त्याच पुलावरून पुढे निघते. आमच्या डब्याची खिडकी उघडत होती. मी मान बाहेर काढून इंजिनाचा आवाज ऐकत होतो, आणि सौ. माझा सदरा धरून बसल्या होत्या. वर पोचलो तर जूनमध्येही कडेला बर्फ होता. पुढे फिलिझूरपाशी लांडवासरचा पूल, ६५ मीटर उंच, आणि त्याला लागूनच कड्यातला बोगदा. आल्बुला-बेर्निनाचा हा मार्ग २००८पासून जागतिक वारशात आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

तुमच्या वहीतली सात शहरं वाचली. शहर बदलायचं म्हणजे बॅग भरा, स्टेशन गाठा, नवी खोली शोधा, यात अर्धा दिवस जातोच. आम्ही बारा रात्रींत तीनच मुक्काम केले. हमाल कुठेही नाहीत. डब्याला बऱ्याचदा दोन-तीन पायऱ्या असतात. जेवढं सामान एका हातानं वर चढवता येईल तेवढंच घ्या.

मडगाव

इटलीत संप आधी जाहीर होतो, पण आम्हाला ते माहीतच नव्हतं. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला निघायच्या आदल्या रात्री घरमालकिणीनं सांगितलं. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात. पहाटे उठून प्रातोला गाडी बदलून बोलोन्या गाठलं, दिवस तिथेच काढला, संध्याकाळी पुढे गेलो. इटलीतल्या प्रादेशिक गाडीचं भाडं अंतरावर असतं, ऐनवेळी वाढत नाही. छापील तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

धागा सुरू करणारे

सगळं दोनदा वाचलं, बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. बर्लिन आणि ॲमस्टरडॅम काढलं. पाच शहरं, सोळा रात्री, परत येणं प्रागहून. पास घेत नाही, सुटी तिकिटं. व्हिसाची तारीख उद्याच बघतो. मिरजेच्या काकांना एक विचारायचंय : लुत्सर्नहून व्हेनिसला जाताना कूर, बेर्निना, तिरानो, मिलान असं एका दिवसात होईल का?

मिरज

होईल, पण पहाटे ते रात्र नुसते बसून राहाल. तिरानोला एक रात्र काढा. कूरहून निघालात की उजवीकडे बसा, लांडवासर, हिमनदी आणि ब्रुझिओ सगळं त्याच बाजूला आहे. मध्ये पोंत्रेसीनाला किंवा सांक्ट मोरिट्झला गाडी बदलावी लागेल. तिरानोत स्विस आणि इटालियन अशी दोन स्टेशनं अगदी शेजारी आहेत, सकाळची मिलानची गाडी दुसऱ्यातून सुटते.