मदत हवी आहे: लग्नाची पैठणी ऑनलाइन घ्यावी का?

ताई-दादांनो, आम्ही परभणीचे. धाकटीचं लग्न वैशाखात आहे, साडीला नऊ हजारांच्या वर जाता येत नाही. ऑनलाइन एक पैठणी दिसली, साडेसहा हजाराला, ‘प्युअर सिल्क’ म्हणे. पदरावरचे मोर झकास, पण उलट्या बाजूचा फोटोच नाही. हातमागाची असली तर नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागं कापलेले धागे लोंबतात. फोटो मागितला, तर विक्रेता गप्प!

मावशीच्या ‘रेशमी’ साडीचा धागा जाळला होता. खऱ्या रेशमासारखा केस जळल्याचा वास येईल म्हणून नाक पुढं केलं, तर प्लास्टिकसारखी कडक गोळी झाली. तेव्हापासून घरात सगळ्यांनी धसकाच घेतलाय.

सिल्क मार्कचं (अस्सल रेशमाची खात्री देणारं) लेबल असलेली या भावात कुणी मागवली का? की सरळ पैठण गाठावं?