कोर्दोबाला पूर्ण दिवस द्याच

स्पेनमध्ये सेव्हियाला मुक्काम ठेवून कोर्दोबा शहर अर्ध्या दिवसात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. वेगवान रेल्वेने पाऊण तासच लागतो, पण कृपा करून अख्खा दिवस ठेवा. स्टेशनापासून सगळं पायीच होतं.

मेझ्किता सकाळीच गाठा. आठव्या शतकात सुरू झालेल्या या मशिदीत आज 856 खांब आहेत. जुन्या भागातले बरेचसे रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राज्यकर्त्यांच्या इमारतींतून आणलेले, त्यामुळे शेजारचे दोन खांबही रंगाने वेगळे, एकाचं शीर्ष कोरीव तर दुसऱ्याचं साधंच. खांब बुटके पडले म्हणून छत उंच न्यायला एकावर एक दुहेरी कमानी घातल्या, लाल विटा आणि फिकट दगड आलटूनपालटून. मधोमध सोळाव्या शतकात कॅथेड्रल उभारलं. खांबांच्या त्या मंद उजेडातून एकदम तिथल्या लख्ख प्रकाशात आलं की मला गलबलून आलं.

जवळच ज्यू वस्तीत 1315चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. खोली एवढीशी, पण भिंतींवरची हिब्रू अक्षरं जवळ जाऊन बघा. दुपारी साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं गार, घट्ट सूप प्या, सावलीत बसा. संध्याकाळी रोमन पूल ओलांडून पलीकडे थांबा. मेझ्किता तिथूनच पूर्ण दिसते.