लाकूड फाडायची हायड्रोलिक मशीन: ट्रॉलीचा जॅक आडवा लावला तर चालेल का?

वावर_दारव्हा

धुऱ्यावरच्या बाभळी आणि वाळलेले दोन कडुनिंब पाडून ओंडके केले आहेत. जाडी 25 ते 40 सेंमी, लांबी दीड फूट. घन-पाचर घेऊन फाडणारा माणूस आता मिळत नाही, म्हणून गावातल्या वेल्डरकडून हायड्रोलिकवर चालणारी मशीन बनवून घ्यायची आहे.

हाताशी आहे ते असं: 45 एचपी ट्रॅक्टर (मागे ट्रॉली उचलायचा एकच ऑइल पॉइंट), जुन्या ट्रॉलीचा टेलिस्कोपिक जॅक, 150 मिमीचा आय-बीम 7 फूट, आणि पडून असलेली 5 एचपी थ्री-फेज मोटर.

जॅक आडवा बसवून काम होईल का? किती टन जोर लागेल? आणि व्हिडिओत दिसतो तो पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) फिरणारा टोकदार स्क्रू स्वस्त पडतो म्हणतात, तो कसा राहील?

हायड्रोलिक_हिंगणा

भाऊ, ट्रॉलीचा जॅक नको. तो सिंगल अ‍ॅक्टिंग असतो. तेल त्याला फक्त ढकलते. परत बसवते ते ट्रॉलीचे वजन. आडवा लावला की बाहेर जाईल आणि तिथेच थांबेल. स्प्रिंग लावून ओढायचा प्रयत्न लोक करतात, पण टेलिस्कोपिकचे टप्पे आडव्यात स्वतःच्याच वजनाने झुकतात आणि सील एका बाजूने खाल्ले जातात. जॅक विका आणि डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर घ्या, म्हणजे तेलच ढकलणारा आणि तेलच परत ओढणारा.

माप सांगतो: बोअर (आतला व्यास) 100 मिमी, रॉड 50 मिमी, स्ट्रोक (रॉडचा प्रवास) 500 मिमी. पिस्टनचे क्षेत्रफळ 78.5 चौ. सेंमी. तेलाचा दाब 150 बार असला की जोर जवळपास 12 टन येतो. सरळ रेषांच्या 40 सेंमी ओंडक्याला तो पुरतो. दीड फुटाच्या लाकडाला 600 चा स्ट्रोक घेऊ नका, दर फेरीत 10 सेंमी रिकामा प्रवास होतो आणि दिवसभरात तोच वेळ खातो.

वेग: पुढे जायला 3.9 लिटर तेल लागते, परत यायला 2.9. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर पुढे 12 सेकंद, मागे 9. तुमच्या ट्रॅक्टरचा प्रवाह आणि दाब मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, तो आधी पाहून घ्या.

मागचा एकच पॉइंट डबल अ‍ॅक्टिंगला पुरत नाही. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसवाल्याकडून दोन पॉइंटचा ऑक्झिलरी व्हॉल्व्ह बसवून घ्या. लिव्हर हात सोडताच मध्यभागी येणारी हवी. ओढून अडकवून ठेवायची लिव्हर पुढच्या दिशेला चालत नाही, हात सापडला तर मशीन थांबणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण तपासतात. क्विक कपलर (होज जोडायचा खटक्याचा जोड) अर्धवट बसला तर रॉडच्या बाजूचे तेल बाहेर पडू शकत नाही. तिकडचे क्षेत्रफळ 58.9 चौ. सेंमीच आहे, म्हणून इकडे 150 बार असताना तिकडे 200 बार तयार होतो, आणि तुमचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) त्या बाजूला पाहतच नाही. होज फुटते ती बहुतेक अशी. होज अर्धा इंची, दोन तारांच्या जाळीची, आर-2 लिहिलेली घ्या. कपलर खट्ट आवाज करून बसला की एकदा ओढून पाहा.

तो फिरणारा स्क्रू नका लावू. लाकूड स्क्रूवर चढले की स्वतःच फिरायला लागते. शेला, बाही, हातमोजा काहीही सापडले तर पीटीओ बंद करेपर्यंत वेळ मिळत नाही.

फॅब्रिकेशन_आर्वी

वरचे सगळे बरोबर. बीमबद्दल मी सांगतो, कारण या मशीन इथेच वाकतात.

जोर सिलिंडरच्या मधल्या रेषेवर बसतो, म्हणजे बीमच्या वरच्या पट्टीपासून साधारण 10 सेंमी वर. सिलिंडरचा पाया आणि पाचर एकमेकांपासून दूर ढकलले जातात, बीमची वरची पट्टी ताणली जाते आणि बीम मधोमध वर उठतो. 12 टनाला एकट्या 150 च्या बीममध्ये ताण 28 किलो प्रति चौ. मिमीच्या आसपास जातो. साधे लोखंड 25 ला कायमचे वाकते. म्हणजे तुमचा बीम पहिल्याच गाठाळ बाभळीला हार मानेल.

दोन मार्ग आहेत. 200 मिमीचा बीम घ्या, ताण साडेचौदावर येतो. किंवा असलेल्या बीमच्या बाजूला तसाच दुसरा 7 फुटी लावा. ताण तेवढाच उतरतो, वर दीडशे मिमीच्या आसपास रुंद बैठक मिळते आणि लाकूड डगमगत नाही. माझे मत दुसऱ्याला. वेल्ड सलग मारू नका: 50 मिमी टाका, 150 सोडा, एकदा वरून एकदा खालून, नाहीतर उष्णतेने बीम वेडावाकडा होतो.

पाचर बीमच्या टोकाला पक्की ठेवा आणि सिलिंडरने लाकूड तिच्यावर ढकला. पाचर रॉडवर लावली तर अर्धे फाटलेले बाभळीचे लाकूड तिच्यासोबत मागे येते आणि दरवेळी घन मारून काढा लागते. टोकाला असली की पुढचा ओंडका मागच्याला ढकलून देतो.

पाचरीला 25 मिमी प्लेट, उंची 200. धारेचा कोन 30 अंश. मागे दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या लावून जाडी 65-70 मिमीपर्यंत वाढवा. धार फक्त चीर पाडते, लाकूड उघडते ते या पट्ट्यांनी. धारेसाठी जुन्या कमानीचा पाटा लावायचा मोह होतो. तो स्प्रिंगचा पोलाद आहे, न तापवता वेल्ड केला तर वेल्डच्या कडेला तडकतो. त्यापेक्षा साध्या प्लेटवर हार्डफेसिंगच्या (कठीण थर चढवायच्या) वेल्डिंग रॉडने दोन थर चढवा आणि घासून घ्या.

पाचर आणि सिलिंडरचा पाया यांना मागून 16 मिमीचे त्रिकोणी आधार हवेत. वेल्ड 7018 रॉडने, रॉड भट्टीत वाळवलेले. पावसाळी हवेत उघडे राहिलेले रॉड वापरले की वेल्डमध्ये भोके पडतात आणि तडा वरच्या पट्टीपासूनच सुरू होतो.

सिलिंडर 30 मिमीच्या पिनवर बसवा, थेट वेल्ड करू नका. लाकूड तिरपे बसले की त्याला थोडे हलता आले पाहिजे, नाहीतर रॉड वाकतो. ढकलणारी प्लेट 20 मिमीची, दोन्ही बाजूंनी बीमच्या पट्टीखाली वळलेले गाइड, फट दीड-दोन मिमी, ग्रीस रोज. स्ट्रोक पूर्ण झाल्यावर प्लेट आणि पाचरीत 15 मिमी अंतर उरायलाच हवे.

वावर_दारव्हा

दोन बीमचे पटले. सिलिंडर जुना, जेसीबीचा मिळतो आहे. तो ट्रॅक्टरला जोडला तर काही धोका? आणि 5 एचपी मोटर अजिबात कामाची नाही का?

हायड्रोलिक_हिंगणा

जुना घेताना रॉड पूर्ण बाहेर काढून नख फिरवा. नख अडकले तर क्रोम गेला आहे, नवीन सील महिनाभर टिकणार नाही. धोका मात्र वेगळाच आहे: बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरचे आणि हायड्रोलिकचे तेल एकच असते. जुन्या सिलिंडरमधला गंज आणि पाणी थेट गिअरबॉक्समध्ये जाते. सिलिंडर खोलून, धुऊन, नवीन सील टाकूनच जोडा. पहिल्यांदा भरताना सिलिंडर आणि होज मिळून साडेचार-पाच लिटर तेल ओढतील, तेवढे कंपनीने सांगितलेलेच तेल ट्रॅक्टरमध्ये वाढवा. डिपस्टिक सिलिंडरचा रॉड पूर्ण आत असताना पाहा.

5 एचपी मोटर चालते, फक्त सावकाश. 8 सीसीचा (एका फेऱ्यात 8 मिली तेल देणारा) गिअर पंप 1440 आरपीएमला मिनिटाला साडेअकरा लिटर देतो, 150 बारला साधारण 3.4 किलोवॅट खातो, मोटर 3.7 ची आहे. जाणे-येणे मिळून 36 सेकंद. यापेक्षा मोठा पंप लावला तर गाठ आली की मोटर बसेल. पट्ट्यावर पंप चालवू नका, बाजूच्या ओढीने बेअरिंग जाते. लव्हजॉय कपलिंग (मध्ये रबर असलेला सरळ जोड) लावा. टाकी 40 लिटर, सक्शन एक इंची आणि आखूड, परतीच्या लाइनला 25 मायक्रॉनचा फिल्टर. परतीचा पाइप तेलाच्या पातळीखाली बुडवा, नाहीतर फेस होतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही 45 अंश असते, म्हणून तेल 68 नंबरचे (नंबर जास्त तेवढे तेल घट्ट). 46 पातळ होऊन जोर कमी झाल्यासारखा वाटतो.

टिपर_मेकॅनिक_वणी

तिसरा पर्याय: टिपरचा भंगारातला गिअर पंप थेट पीटीओवर. 540 आरपीएमला 40 सीसीचा पंप साडेएकवीस लिटर देतो आणि ट्रॅक्टरचे तेल वेगळे राहते. फक्त फिरण्याची दिशा पाहा. मागून पाहिले तर पीटीओ घड्याळाच्या दिशेने फिरतो. पंप त्याच्यासमोर तोंड करून बसतो, म्हणून पंपाच्या शाफ्टकडून पाहता तो उलट्या दिशेचा हवा. चुकीच्या दिशेला सुरू केला तर शाफ्टचे सील लगेच बाहेर फेकते.

सुरू केल्यावर पंप किंचाळला तर सक्शनमध्ये हवा जाते आहे, क्लॅम्प आवळा. सिलिंडर झटके देत पुढे गेला तर हवा अजून आतच आहे, रिकामा दहा-बारा वेळा पूर्ण मागे-पुढे करा. तेल दुधासारखे झाले तर पाणी शिरले आहे, ते बदलाच. गळती हाताने कधीच शोधू नका, पुठ्ठा फिरवा. 150 बारची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच तासाला सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या.

बाभूळ ओली असतानाच फाडून टाका. कडुनिंब वाळला असेल तर टोकाला पडलेली चीर पाहून ती पाचरीच्या धारेवर धरा. फांदी फुटलेली दुबेळकी लाकडे मशीनवर घालूच नका, ती करवतीने कापा. 12 टनाला अडले म्हणून रिलीफचा स्क्रू आवळणे नको: लाकूड फिरवून दुसऱ्या टोकाने लावा.