बाळाला गार का ठेवलंय?

तासगावची आत्या: भावाचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. मिरजेला हलवलं. तिथं गार गादीवर उघडंच ठेवलंय, अंग ३३.५ अंशावर, ७२ तास! आई म्हणते, "लेकराला दुपटं तरी घाला." काय सांगू तिला?

निवृत्त सिस्टर, सांगली: ताई, ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत, काही तासांनी दुसरा तडाखा बसतो. गारव्यानं तो मंदावतो. म्हणून ६ तासांच्या आत सुरू करतात. दुपटं नकोच.

कराडकर: बाळांना असं गार ठेवण्याच्या उपचारावर झालेल्या २०२१च्या हेलिक्स चाचणीत भारत, श्रीलंका, बांगलादेशात फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त. डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आत्या: विचारलं, दादा. झटके थांबलेत म्हणाले, पुढचं आत्ताच सांगत नाहीत. आई दुपटं शिवत बसलीय, चौथ्या दिवसासाठी.